पाकोळ्यांचं घर : मनोऱ्यापासून पेटीपर्यंत



कळमनुरी भागातल्या एका शेतकरी भावाने आम्हाला विचारलं, "परदेशात म्हणे परसात वाघळांसाठी लाकडी पेटी टांगतात, आणि ती वाघळं रात्री पिकावरचे पतंग खातात. हे खरं का? आणि आपल्याकडे जमेल का?"

प्रश्न नामी आहे. पण "होय, जमेल, लावा पेटी" असं एका दमात सांगितलं तर तुमची फसगत व्हायची. या पेटीला शंभराहून जास्त वर्षांचा इतिहास आहे. त्यात यश आहे, तसे सपशेल फसलेले प्रयोगही आहेत, आणि आपल्याला कामाचे आहेत ते जास्त करून फसलेलेच. म्हणून या वेळच्या पत्रकात आधी ती हकिकत सांगतो, मग सुताराला काय सांगायचं ते बघू.

पण त्याआधी एक गोष्ट स्पष्ट करू. आपण सरसकट 'वाघूळ' म्हणतो, त्यात दोन वेगळी कुळं आहेत. वडा-पिंपळावर, चिंचेवर दिवसा उलटं लटकून कलकलाट करणारं मोठं वटवाघूळ फळं खातं. पेरूच्या, चिकूच्या बागेत त्याचा त्रास होतो हे खरं. त्याला पेटीशी काही देणंघेणं नाही, ते झाडावरच राहणार. दुसरी ती बोटभर लांबीची पाकोळी. तिन्हीसांजेला अंगणात, दिव्याभोवती, विहिरीवर गिरक्या घेते ती. ती फळाला तोंड लावत नाही. डास, माशा, भुंगेरे, पतंग हेच तिचं खाणं. या पत्रकात सगळी गोष्ट आहे ती या पाकोळीची.

आता बघा, आपल्या मराठवाड्यात पाकोळीला पेटी लागतच नव्हती. पांढऱ्या मातीचं माळवद, सागवानी तुळया, त्यांवर किलच, आणि तुळई भिंतीत शिरते तिथं राहिलेली बोटभर फट. ती फट म्हणजे पाकोळीचं आयतं घर. शिवाय गावोगावच्या गढ्या, ढासळलेले बुरूज, बारवांचे कोनाडे होतेच. दौलताबादच्या किल्ल्यातल्या अंधारीतून जो मशाल घेऊन गेला असेल, त्याला डोक्यावर काय लटकतं ते सांगायला नको. आंद्रे ब्रॉसे नावाचे एक फ्रेंच शास्त्रज्ञ औरंगाबाद, वेरूळ, अजिंठा या भागांत हिंडले, लेण्यांत आणि जुन्या इमारतींत वाघळांच्या कोणत्या जाती राहतात ते त्यांनी टिपून घेतलं, आणि बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात १९६२-६३ साली ते छापलं. म्हणजे ज्या प्राण्याला आपण खराट्याने हाकलत होतो, त्याचा अभ्यास करायला माणूस फ्रान्सहून आपल्या दारी आला होता.

पुढे घरं बदलली. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीचा भूकंप झाला, दगड-मातीच्या भिंतींखाली हजारो माणसं गेली, आणि माळवदाची धास्तीच बसली. ज्याला जमलं त्याने स्लॅब टाकला, नाही जमलं त्याने पत्रे घातले. यात चूक कुणाची नाही, माणसाचा जीव पहिला. पण स्लॅबला फट नसते आणि पत्र्याखाली मे महिन्यात भाजून निघतं. पाकोळीचं घर गेलं ते असं, कुणाच्या ध्यानीमनी नसताना.

आता पेटीची हकिकत. तिची सुरुवात, चकित व्हाल, आपल्याच जुन्या राज्यात सापडते. २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादेत, म्हणजे तेव्हाच्या निजामाच्या हैदराबाद राज्यात, रोनाल्ड रॉस या लष्करी डॉक्टरला डासाच्या पोटात हिवतापाचा जंतू दिसला. आपला मुलूखही तेव्हा त्याच राज्यात होता. हिवताप डासामुळे पसरतो हे या शोधातून कळलं, आणि १९०२ साली रॉसला नोबेल पारितोषिक मिळालं.

त्याच वर्षाच्या सुमारास अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात, सॅन अँटोनियो नावाच्या शहरात, डॉ. चार्ल्स कॅम्पबेल यांच्या मनात एक साधा विचार आला. हिवताप डासामुळे, आणि डास वाघूळ खातं. मग वाघळं पाळली तर? आपण कोंबड्या पाळतो, मधमाश्या पाळतो, तशी.

डॉक्टरांनी आधी लहान खोकी करून टांगली. एकही वाघूळ फिरकलं नाही. मग १९०७ साली त्यांनी पदरचे ५०० डॉलर घालून सुमारे ३० फूट उंच लाकडी मनोराच उभा केला. आत फळ्यांची रचना केली, ओळखीचा वास यावा म्हणून वाघळांची विष्ठा टाकली, कापड लावलं. काय काय केलं म्हणून सांगावं! वाघळांना आवडेल म्हणून आत खारवलेलं मांससुद्धा टांगलं. वाघळं आली नाहीत. आल्या त्या चिमण्या, आणि त्यांनी मजेत घरटी बांधली. दोन-तीन वर्षं वाट पाहून डॉक्टरांनी मनोरा मोडला आणि लाकूड विकून टाकलं. गावात लोक हसले असतील, यात मला तरी शंका नाही.

इथं दुसरा कुणी असता तर नाद सोडून दिला असता. डॉ. कॅम्पबेल मात्र गुहांमध्ये जाऊन बसले. वाघूळ कुठं चिकटतं, किती उजेड चालतो, ती केव्हा बाहेर पडतात आणि केव्हा परततात, हे त्यांनी महिनोन् महिने पाहिलं. तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की आपण घर बांधलं ते आपल्या समजुतीने, वाघळाला काय हवं ते विचारलंच नाही.

१९११ साली त्यांनी दुसरा मनोरा बांधला, शहराच्या दक्षिणेला सुमारे दहा मैलांवर, मिचेल्स लेक या तलावाकाठी. शहराचं सांडपाणी तिथं येत होतं, डासांचं रान होतं, आणि आसपासच्या कुळांमध्ये हिवताप नाही असं घर मिळणं कठीण होतं. या वेळी जागा नेमकी होती. जवळच एका पडक्या घरात वाघळं आधीपासून राहत होती. डॉक्टरांनी काय केलं, पहाटे वाघळं परतायच्या वेळी त्या घरात ग्रामोफोनवर बँडबाजाची तबकडी लावून दिली. त्या गोंगाटाला कंटाळून वाघळांनी नवा मनोरा गाठला. मनोरा भरला! खाली पडणारी विष्ठा खत म्हणून विकून पैसेही येऊ लागले.

सॅन अँटोनियो शहराने १९१४ साली वाघूळ मारण्यास बंदी घातली. १९१७ साली टेक्सास राज्यानेही तसा कायदा केला. कम्फर्ट नावाच्या गावात १९१८ साली बांधलेला असाच एक मनोरा आजही उभा आहे. डॉक्टरांनी १९२५ साली आपल्या प्रयोगांवर पुस्तक लिहिलं. हिवताप हटला तो वाघळांमुळेच, असं त्यांचं ठाम म्हणणं होतं.

पण मंडळी, ठाम म्हणणं वेगळं आणि तपासून पाहणं वेगळं. ट्रेसी स्टोरर नावाच्या शास्त्रज्ञाने १९२६ साली ही गोष्ट तपासली. या मनोऱ्यांत राहणाऱ्या जातीच्या वाघळांची विष्ठा फोडून त्यात काय सापडतं ते पाहिलं. डासांचे अवशेष फारच थोडे निघाले. या वाघळांचं मुख्य खाणं होतं पतंग! म्हणजे डॉक्टरांचं घर बरोबर होतं, पण त्या घरातून त्यांनी जे काम व्हायची आशा धरली ते काम दुसरंच होतं.

दुसऱ्याची नक्कल केली की काय होतं त्याचाही दाखला आहे. फ्लोरिडा राज्यात शुगरलोफ नावाच्या बेटावर रिक्टर पर्की नावाच्या धनिकाला मासेमारीची हौस असणाऱ्या पाहुण्यांसाठी हॉटेल चालवायचं होतं, पण डास कुणाला टिकू देईनात. त्याने डॉ. कॅम्पबेल यांच्या नकाशावरून १९२९ साली तसाच मनोरा बांधला. नकाशा तोच आणि लाकूडही उत्तम. वाघळं काही नांदली नाहीत. मिचेल्स लेकजवळ मनोऱ्याच्या शेजारी आधीपासूनच वाघळं होती, इथं तशी वस्तीच नव्हती. तो रिकामा मनोरा तसाच उभा राहिला आणि सप्टेंबर २०१७ मधल्या इर्मा नावाच्या चक्रीवादळात कोसळला. ८८ वर्षांत त्याचा उपयोग झाला तो येणाऱ्या-जाणाऱ्यांना बघण्यापुरता.

आता येतो कापसाकडे. आपल्याला खरी गरज आहे ती इथं.

सॅन अँटोनियोच्या आसपास कापूस होतो. तिथं बोंडं पोखरणारी एक अळी आहे, मक्याची कणसंही तीच खाते. आपल्या हरभऱ्यावरची घाटेअळी, जी तुरीच्या शेंगाही पोखरते आणि कापसावर हिरवी बोंडअळी म्हणून येते, तिची ती सख्खी चुलत बहीण. तिचे पतंग रात्री थव्याने, शेकडो मीटर उंचीवरून, वाऱ्याबरोबर प्रवास करतात. वीसाव्या शतकाच्या शेवटी हवामानाच्या रडारवर शास्त्रज्ञांना दिसलं की त्याच उंचीवर गुहांतून निघालेल्या वाघळांचे लोटच्या लोट जातात. म्हणजे पतंग शेतात उतरून अंडी घालण्याआधीच वरच्या वर त्यांची शिकार होते. २००६ साली तिथल्या आठ तालुक्यांएवढ्या भागाचा हिशोब प्रसिद्ध झाला. सुमारे १० हजार एकर कापसावर वाघळं वर्षाकाठी ७ लाख ४१ हजार डॉलरचं काम करतात, असा अंदाज निघाला. वाचलेला कापूस आणि वाचलेली फवारणी, दोन्ही त्यात धरलं आहे.

वाघळं गेली तर काय होतं, तेही अमेरिकेनेच पाहिलं. २००६ साली न्यूयॉर्क राज्यातल्या एका गुहेत वाघळांच्या नाकावर पांढरी बुरशी दिसली. त्या रोगाने पुढे लाखो वाघळं मेली. २०२४ साली एयाल फ्रँक यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्या भागांत वाघळं मेली तिथल्या शेतकऱ्यांचा कीटकनाशकाचा वापर सरासरी ३१ टक्क्यांनी वाढला होता.

हे वाचताना २०१७ चा हंगाम आठवतो. त्या वर्षी महाराष्ट्रात बीटी कपाशीवर शेंदरी बोंडअळीने हाहाकार केला. पैनगंगेपलीकडे यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन २० हून जास्त माणसं दगावली. शेंदरी बोंडअळीचा पतंगही रात्रीच उडणारा आहे. पाकोळ्या असत्या तर ते संकट टळलं असतं असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. कामगंध सापळे लावणं, वेळेवर पऱ्हाट्या उपटून नष्ट करणं, फरदड न घेणं ही कामं करायचीच आहेत. पण पाठीवरचा पंप एखाद वेळ तरी कमी उचलावा लागला, तर त्याची किंमत फवारणाऱ्यालाच ठाऊक.

मनोऱ्याची पेटी कशी झाली? १९८२ साली मर्लिन टटल यांनी अमेरिकेत वाघळांच्या रक्षणासाठी एक संस्था काढली, आणि परसात टांगायच्या पेटीचा प्रसार तिने मोठ्या प्रमाणावर केला. त्याच सुमारास टेक्सासच्या ऑस्टिन शहरात एक गंमत घडली. १९८० साली नदीवरचा पूल दुरुस्त केला तेव्हा त्याच्या खालच्या बाजूला पाऊण ते एक इंच रुंदीच्या खोल फटी राहिल्या. कुणी बोलावलं नव्हतं, कुणी बँड वाजवला नव्हता. वाघळं आपण होऊन आली. लोक आधी घाबरले, हाकला म्हणाले. उन्हाळ्यात तिथं सुमारे १५ लाख वाघळं असतात, आणि संध्याकाळी त्यांना बघायला लोक पुलावर गर्दी करतात.

पाऊण ते एक इंच! आपल्या माळवदात तुळईशेजारी जी फट राहायची, तिचंच हे माप. पेटीचं सगळं गुपित या फटीत आहे.

पुढे स्पेनमध्ये एब्रो नदीच्या मुखाशी भातशेतीत पेट्या लावल्या गेल्या. तिथं पाकोळ्या आल्या, वाढल्या, आणि खोडकिड्याचा उपद्रव कमी झाला, असं २०१५ साली प्रसिद्ध झालं. पण त्याच देशातून २०१४ साली इशाराही आला होता. कडक उन्हाच्या दिवसांत पेटीचं तापमान ४० अंशांच्या वर गेलं की आतली वाघळं मरतात. पेटी तापते आणि उडता न येणाऱ्या पिलांना सुटका नसते.

हा इशारा आपण नीट ऐकला पाहिजे. अमेरिकेतली बरीच माहितीपत्रकं थंड मुलखासाठी लिहिलेली असतात. त्यात सांगतात, पेटीला काळा रंग द्या, सहा-आठ तास ऊन लागेल अशी टांगा. कळमनुरीत मे महिन्यात तसं केलं तर ती पेटी म्हणजे भट्टी होईल. आपल्याकडे उलटं करायचं.

तर सुताराला सांगायचं ते असं. खोक्याच्या देवदारी फळ्या चालतात, जुनं लाकूड असेल तर उत्तम. रंधा मारू नका, खरबरीतच ठेवा. आतल्या अंगाला पटाशीने किंवा करवतीने अर्ध्या-अर्ध्या इंचावर आडव्या खाचा पाडा, कारण पाकोळी नखांनी धरून लटकते, गुळगुळीत फळीवरून ती घसरते. पेटी दोन फूट उंच, सव्वा फूट रुंद. पुढची आणि मागची फळी यांत अंतर पाऊण इंच, अंगठा जेमतेम जावा इतकं. दोन-तीन फळ्या मागेपुढे लावून दोन-तीन कप्पे केले तर आणखी चांगलं, एक तापला तर पाकोळी दुसऱ्यात सरकते. तळ बंद करायचा नाही! चिमणीच्या खोक्यात आणि या पेटीत हाच मोठा फरक. पाकोळी खालून शिरते, घाण खाली पडून जाते. मागची फळी खाली पाच-सहा बोटं जास्त ठेवा, तिला उतरायला. तळापासून सहा इंचांवर पुढच्या फळीला अर्ध्या इंचाची आडवी चीर पाडा, हवा खेळते. वरून उतरतं छप्पर, सांध्यातून पाणी गळू नये. आतून तेल, डांबर, पॉलिश काही नको. बाहेरून पांढरा चुना.

टांगायची कुठं? झाडावर नको. फांद्यांचा अडथळा होतो आणि मांजर चढतं. घराच्या किंवा गोठ्याच्या पूर्वेकडच्या भिंतीला, वळचणीखाली, १२ ते १५ फुटांवर लावा, म्हणजे सकाळचं ऊन मिळेल आणि दुपारी सावली राहील. पश्चिमेची भिंत टाळा. जमलं तर दुसरी पेटी उत्तरेला लावा, पाकोळ्या ऋतूप्रमाणे जागा बदलतात. जवळ पाणी हवं, ओढा, शेततळं किंवा कालवा. इसापूर धरणाच्या पाण्याने भिजणाऱ्या शिवारात ही अडचण कमी. पेटीखाली मात्र पिण्याच्या पाण्याचा रांजण, आडाचं तोंड, चाऱ्याची गंज किंवा धान्याचं खळं नको. खाली रिकामं पोतं अंथरलं तर लेंड्या गोळा होतात. तोंडाला फडकं बांधून, पाणी शिंपडून उचला आणि खताच्या खड्ड्यात टाका. कोरडी धूळ छातीत जाऊ देऊ नका.

आणि हात लावायचा नाही, हे पोरांना बजावून सांगा. पडलेली पाकोळी उचलायची असेल तर जाड फडक्याने किंवा फावड्याने. चावली तर जखम साबण-पाण्याने पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन पिसाळीची लस घ्यायची. पुण्याच्या विषाणू संस्थेला महाबळेश्वरच्या गुहेतल्या वाघळांत निपाह विषाणूच्या खुणा मिळाल्या होत्या, ही बातमी २०२१ साली तुम्ही ऐकली असेल. त्यावरून घाबरून वाघळं मारत सुटायचं कारण नाही, अंतर ठेवलं की पुरतं. वाघळाने अर्धवट खाल्लेलं फळ मात्र खाऊ नका. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात फळं खाणारी वटवाघळं उंदीर-कावळ्यांबरोबर उपद्रवी म्हणून नोंदली होती. २०२२ च्या दुरुस्तीने ती यादीच काढून टाकली.

पहिल्या वर्षी पेटी रिकामी राहिली तर मोडू नका. दोन-तीन वर्षं लागतात. तोवर एक काम बिनखर्चाचं आहे. जुना वाडा, बारव किंवा गढीची डागडुजी निघाली असेल, तर फटी चुन्याने बुजवण्याआधी संध्याकाळी एकदा बघून घ्या. आत पाकोळ्या असतील, पिलं असतील, तर ती उडून जाईपर्यंत थांबा, नाहीतर चार-दोन फटी तशाच सोडा.

आणि पेटीची जागा ठरवण्याआधी या आठवड्यात दोन संध्याकाळी, दिवेलागणीच्या आधी, घरामागे उभे राहा. पाकोळ्या कोणत्या दिशेने येतात, कोणत्या भिंतीतून, कोणत्या बुरुजातून निघतात ते पाहा. पेटी तिथून हाकेच्या अंतरावर टांगा. एकही दिसली नाही, तर सुताराचे पैसे अजून खर्च करू नका. आधी बारवेकडे जाऊन बघा.